दहा मिनिटं

"पण माझं चुकलं कुठे, पाळकसाहेब?"

शलमोन भांबळ धुमसत होता. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला आलेला गडी. मिशन हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात लोकांना धीर द्यायला नेमला, आणि पहिल्याच आठवड्यात केराबाईंनी तोंडावर सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

केराबाईंचे यजमान सावळाराम व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

हिवाळे पाळक तीस वर्षं याच वॉर्डात फिरत होते. ते शांतपणे हात धूत राहिले.

"काय केलंस तू?"

"उशाशी उभं राहून प्रार्थना केली. अगदी मनापासून."

"डोळे मिटून?"

"मिटतातच की, साहेब."

"किती वेळ?"

"चांगली दहा मिनिटं!"

"आणि भेटीची वेळ किती असते?"

"दहा..."

शलमोननं जीभ चावली. बाई अख्खा दिवस बाहेरच्या बाकावर बसायच्या, त्या या दहा मिनिटांसाठी. ती यानं आमेनसकट गिळली होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी परत जातो," तो म्हणाला. "हाकललं तरी जातोच."

"चल. प्रार्थनेचं पुस्तक इथेच ठेव."

संध्याकाळी केराबाई खाटेपासून हातभर लांब उभ्या होत्या. नळ्यांचं जाळं बघून त्यांचा हात पुढे जाई आणि मागे येई. शलमोनला हे आज पहिल्यांदा दिसलं.

हिवाळ्यांनी नर्सला विचारलं, "सिस्टर, यांना कुठे हात लावलेला चालेल?"

"डाव्या पायाला लावा. तिथे काही नाही."

शलमोननं स्टूल उचललं आणि पायथ्याशी ठेवलं.

"बसा, मावशी. धरा पाय. काही निसटत नाही."

केराबाईंनी आधी बोटं टेकवली... मग दोन्ही हातांनी पाऊल घट्ट धरलं.

"अवं, शेळी व्याली आपली. दोन करडं हायत. तुमच्यावानीच हट्टी. दूध प्यायला बी भांडत्यात."

गुरुशिष्य पडद्याबाहेर पाठ करून उभे राहिले. आत बाई बोलतच होत्या. गावचं, घरचं, विहिरीच्या मोटारीचं. यंत्र आपलं टिकटिकत होतं.

वेळ संपली. बाहेर आल्यावर शलमोनला राहवलं नाही.

"साहेब, देवाचं नाव आपण घेतलंच नाही..."

हिवाळे पुन्हा हात धुवायला लागले होते.

"करडांची नावं विचारायची राहिली. उद्या तू विचार."