देवदाराचा ओंडका

पूर्वी शिलावती नगरीत राजा उग्रदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंतातल्या एका खिंडीचा राखणदार होऊन जन्मला. हिवाळाभर तिथे पुरुषभर बर्फ साचे. चैत्रात तो पहाटे दगडासारखा घट्ट असे आणि दुपारी उन्हाने सैल होऊन कड्यावरून कोसळे. म्हणून ऊन कड्याला लागले की राखणदार वाटेवर देवदाराचा ओंडका आडवा टाकी. ओंडका पडला की थांबायचे, हे तिथल्या मेंढरांनाही कळे. कळले नाही ते रोहक नावाच्या एका शहाण्याला.

हा रोहक सपाटीवरचा व्यापारी. वीस हमालांच्या पाठीवर मिठाची पोती लादून तो ऊन चढल्यावर उगवला, कारण पहाटे साहेबांना थंडी वाजत होती.

"आभाळ निरभ्र आहे, छान ऊन पडलंय, आणि तू वाट अडवतोस?" तो म्हणाला.

"ऊन पडलंय म्हणूनच अडवतोय, शेठजी," बोधिसत्त्व म्हणाला. "उद्या पहाटे मी स्वतः पलीकडे पोचवतो. या माणसांचा तरी विचार करा."

"मला शिकवू नकोस. ओंडका काढा रे."

हमालांचा म्होरक्या भद्रक त्याच डोंगरातला. त्याला सगळे ठाऊक होते. तरी त्याने मान खाली घातली आणि ओंडका ओढला. बोधिसत्त्व आडवा आला, त्याला रोहकाने ढकलून दिले.

ते अर्ध्या वाटेत असताना कड्यावरचा बर्फ सुटला. बोधिसत्त्व फावडी घेऊन धावला. त्याने आणि भद्रकाने एकेक हमाल उकरून काढला. एकोणीस जगले. विसावा भद्रकाचा धाकटा भाऊ, तो गेला होता. मग बर्फातून एका हाताची बोटे हलताना दिसली. बोटांत अंगठ्या होत्या.

"राहू द्या त्याला तिथंच," भद्रक म्हणाला. "माझा भाऊ खाल्ला त्यानं."

"मलाही तसंच वाटतंय," बोधिसत्त्व म्हणाला. "एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. पण संताप माझा आहे आणि जीव त्याचा आहे. माझं फावडं मोडलंय. तुझं दे."

भद्रकाने दिले नाही. बोधिसत्त्वाने नुसत्या हातांनी उकरले. बोटे रक्ताळली, पण रोहक वाचला. शुद्धीवर येताच त्याने मिठाची चौकशी केली. असतात अशी माणसे.

एवढे सांगून शास्ता बुद्ध विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, तो रोहक म्हणजे आज आतल्या खोलीत तापाने फणफणलेला तोंडाळ भिक्षू सुरोचन. राखणदार मीच होतो. आणि त्याने शिव्या दिल्या म्हणून त्याला पाणी न देता भांडे धरून दाराशी बसलेल्या सुदंता, तू भद्रक होतास. फावडे त्या जन्मीही तुझ्याच हातात होते. राग मनात असतानाही जी हात पुढे करते, ती करुणा."

सुदंत उठला आणि भांडे घेऊन आत गेला.