सोनमातीचे तीन गोळे

"पण नियम म्हणजे नियम," परी म्हणाली. "तिन्ही गोळे स्वतःच्याच घराला लावायचे, असं तुला तीनदा बजावलं होतं. होतं की नाही?"

"होतं, परीताई. मी ऐकलंही होतं."

"मग तिसरा गोळा शेजारच्या खिडकीत काय करतोय?"

हौसाने मान काही खाली घातली नाही. परी होती बोटभर उंचीची. शेवंतीच्या पाकळीचा पिवळा झगा, पाठीवर चतुराचे असतात तसे झिरझिरीत पंखुले. रागावली की त्या पंखुल्यांतून निळ्या-जांभळ्या ठिणग्या उडायच्या, आणि आत्ता त्या भरपूर उडत होत्या. उंबऱ्यावर बसून ती सांगत होती, की सूर्य डोंगराआड गेला की तिन्ही गोळे वाळून गळून पडणार. एक चुकला म्हणजे तिन्ही चुकले.

आत गोधडीत हौसाची धाकटी बहीण ठकी निजली होती. चार दिवसांत आज पहिल्यांदा ती न खोकता निजली होती.

या ठकीपायीच तर सगळं घडलं. डोंगरकडेचं त्यांचं घर कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेलं. पौषाचा वारा दाराखालून शिरायचा, खिडकीच्या फळ्यांतून शीळ घालायचा आणि ठकीच्या इवल्या इवल्या बोटांपाशी जाऊन बसायचा. आई पहाटेच मोळ्या आणायला रानात जायची. घर राखायची आठ वर्षांची हौसा. तिने दाराखाली वाळलं गवत गच्च कोंबलं. शेजारच्या भागाआजीची बकरी आली आणि बाहेरून ओढून ओढून सगळं खाऊन गेली. मग हौसाने आपला जुना परकर फाडून चिंध्या कोंबल्या. बकरीने त्याही चघळल्या. वर भागाआजीच ऐकवून गेली, की तुम्ही दारात ताट मांडून ठेवता, त्याला माझी गरीब बकरी काय करणार.

शेवटी हौसा ओढ्याकाठी माती आणायला गेली. तिथल्या शेवंतीच्या वाफ्यात एक फूल दवाने वाकलं होतं, आणि त्या फुलाखाली भिजल्या पंखुल्यांची परी कुडकुडत होती. हौसाने तिला ओंजळीत धरून हळूहळू फुंकर घातली. पंख वाळले, लखलखले, आणि परीने तिला बोराएवढे तीन सोनेरी गोळे दिले. सोनमातीचे. फटीत ठेवला की गोळा आपणहून पसरायचा, मधासारखा चमकायचा. वारा अडायचा, आणि बकरी त्याला तोंडही लावायची नाही.

पहिला गोळा दाराखाली गेला, दुसरा खिडकीत. तिसरा कोपऱ्यातल्या भेगेसाठी होता. तो लावायला हौसा वाकली, तेवढ्यात दोन घरांमधल्या अर्ध्या भिंतीपलीकडून भागाआजीचे दात वाजताना ऐकू आले. तिच्या खिडकीची फळी वाळवीने खाल्ली होती, आणि म्हातारी पोतं पांघरून बसली होती. हौसाने ठकीचं अंथरूण कोपऱ्यातून चुलीजवळ ओढलं, भेगेला पाटा टेकवून ठेवला आणि तिसरा गोळा घेऊन ती शेजारी गेली.

"जिच्या बकरीने तुझं गवत खाल्लं," परी म्हणाली, "आणि जिने वर तुलाच बोल लावला, तिच्यासाठी?"

"जीभ तिखट आहे तिची," हौसा म्हणाली. "पण थंडी जिभेला नाही वाजत, हाडांना वाजते."

परीचे ओठ किंचित हलले. तरी ती हटली नाही. दोन दारं, दोन उंबरे, म्हणजे घरं दोन. परक्या घराला दिलं ते दिलं, असं तिचं म्हणणं. सूर्य निम्मा बुडाला. दाराखालच्या सोनमातीला केसाएवढी चीर गेली, आणि त्या चिरेतून वाऱ्याने बोट आत घातलं. ठकी झोपेतच एकदा खोकली. हौसाने चिरेवर तळवा दाबून धरला, पण ती हात जोडून रडली नाही.

तेवढ्यात अर्ध्या भिंतीवरून एक सुरकुतलेला हात अलीकडे आला. हातात फुटक्या मडक्याचं खापर, खापरात लाल-केशरी निखारे. पलीकडून आवाज आला, की घे गं पोरी, आणि आज दारात गवत ठेवू नकोस, बकरीचं पोट बिघडलंय.

हौसाने निखारे चुलीत ठेवले आणि फुंकणीने फुंकले. भुरूभुरू जाळ झाला, ठकीचे गाल गुलाबी दिसू लागले. परी त्या खापराकडे बघतच राहिली. रोज देते का, असं तिने हळूच विचारलं. हौसाने होकाराची मान हलवली आणि ती एक वाक्य बोलली.

त्यावर परीच्या ठिणग्या विझल्या आणि पंखुले सोनेरी झाले. दाराखालची चीर मिटली. सूर्य बुडाला, पण एकही गोळा गळला नाही. उलट हौसाच्या मुठीत चौथा गोळा आला, ऊन ऊन, कोपऱ्यातल्या भेगेच्या मापाचा. त्या थंडीत वारा दोन्ही घरांभोवती नुसताच फिरत राहिला, आणि ठकी पुन्हा खोकली नाही. परी मात्र स्वतःच उजेड होत होत दिसेनाशी झाली. साऱ्या फटी बंद असताना ती गेली कुठून, ते मला विचारू नका. एवढी नियमाची पक्की परी, पण भांडण तिथेच मिटलं, कारण हौसा म्हणाली होती,

"परीताई, जिच्या विस्तवावर आमची चूल पेटते, तिचं घर मी परकं कसं म्हणू?"