पुढे जाऊ का?

"गाडी थांबली होती. मग माझा भाऊ का नाही थांबला?"

हे मी अण्णा कामाला होता त्या संस्थेच्या गेटवर विचारलं. चौकशीला आलेल्या साहेबांना विचारलं. अण्णाबरोबर काम करणाऱ्या पोरांना विचारलं, तर ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. शेवटी घरी कागद आला. त्यात लिहिलं होतं, मयताने स्वतः नियम मोडला.

अण्णा गेल्यावर बाविसाव्या दिवशी मी पहार खांद्यावर टाकली आणि गाडीच्या चाचणीच्या माळावर गेलो. म्हाताऱ्यानं उत्तर दिलं तर ठीक. नाहीतर गाडी फोडायची, असं ठरवूनच गेलो.

म्हातारा म्हणजे बशीर उस्ताद. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मंगळावर जायच्या गाडीची चाकं त्यानं घडवली होती. मोठमोठ्या कॉलेजांतून शिकून आलेली पोरं त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. माझा अण्णा, व्यंकट धोत्रे, त्यातलाच एक. आमच्या वडारवस्तीतला पहिला इंजिनिअर. मी सातवीत शाळा सोडून बापाबरोबर विहिरी खणायला लागलेला.

भर दुपार होती. उस्ताद पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच बसला होता. समोर चाळीस पावलांवर गाडी उभी होती. सहा चाकं, उंच मान, मानेवर दोन डोळे. अण्णा पडला त्या दिवशी होती तशीच, तिथंच. तिच्या पुढ्यात खड्डा. जुनी खाण कधीतरी मुरमानं बुजवली होती, खालचा मुरूम पावसानं वाहून गेला आणि वर नुसता पापुद्रा राहिला. माझा अण्णा त्या पापुद्र्यावर चालत गेला होता. आता त्याच्याभोवती लांबून दोरी बांधली होती, मधला उरलेला पापुद्रा अजून तसाच.

"बस," उस्ताद म्हणाला.

"बसायला आलो नाही."

"पहार जड असते. उभा राहून दमशील."

"विहिरी खणतो मी. तुमच्यासारखी बटणं दाबत नाही."

त्यानं माठातलं पाणी पुढे केलं. मी घेतलं नाही.

"गाडी थांबली होती," मी म्हणालो. "माझा भाऊ का नाही थांबला?"

"आधी विचार, गाडी का थांबली."

"गाडी गेली खड्ड्यात!"

"तीच तर गेली नाही, मल्लू."

मी पहार जमिनीवर आपटली. तो दचकलासुद्धा नाही.

"इथून हाक मारली," तो म्हणाला, "तर मंगळावर पोचायला वीस मिनिटं. तिचं उत्तर यायला आणखी वीस. तेवढ्यात चाक रुतलं, तर रुतलं. तिथं ढकलायला कोण आहे?"

"पण ती मंगळावर नव्हती. ही इथं होती. चाळीस पावलांवर."

"होती. पण आम्ही तिला मंगळावरच धरायचो. तिनं काही विचारलं, की वीस मिनिटं तिचा निरोप उघडायचा नाही. आपलं उत्तर वीस मिनिटं दाबून ठेवायचं. आणि ती चालत असताना तिच्या वाटेवर माणसानं पाय टाकायचा नाही. हा नियम माझा."

"सगळी येडी आहात तुम्ही."

"आहोत."

मला भांडण पाहिजे होतं. तो देत नव्हता.

"तिला दगड दिसतो," तो म्हणाला, "चढ दिसतो, वाळू दिसते. वरून सपाट आणि खालून पोकळ, ते दिसत नाही. म्हणून व्यंकटनं तिला कान दिले."

"कसले कान?"

"ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

होतंच ठाऊक. आमचा बाप पहारीचं एक टोक खडकावर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा, आणि मला शेजारी हातोडीनं ठोकायला लावायचा. खडक भरीव असला की दात झिणझिणतात. पोकळ असला की दातांना काहीच कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात अण्णा महिनाभर वस्तीवर राहिला. पहारीला वायरी चिकटवून त्यानं माझ्याकडून तीनशे जागी ठोकून घेतलं.

मी म्हणालो होतो, "एवढं शिकलास आणि शेवटी वडाराचंच काम."

तो म्हणाला, "तू ठोक. बडबड करू नकोस, मशीनला तुझा आवाज जातोय."

"गाडीनं तिचा ठोकायचा दांडा आपटला," उस्ताद सांगत होता. "ऐकलं. थांबली. आणि विचारलं, पुढे जाऊ का?"

"मग?"

"त्या दिवशी ती अकराव्यांदा थांबली होती. त्यातल्या नऊ वेळा उगाच. कुठं ढेकूळ, कुठं उंदराचं बीळ. मोठ्या ऑफिसातले पाहुणे उन्हात खुर्च्या टाकून बसले होते. त्यातला एक म्हणाला, ही मंगळावर चाललीय की नवस फेडायला? दर पावलाला नमस्कार! सगळे हसले."

"अण्णा?"

"तो नाही हसला. मी हसलो."

...

"गाडीला लाज नसते, मल्लू. ती तशीच थांबून राहिली."

"आणि अण्णाला लाज होती, असं म्हणायचंय?"

त्यानं माठावरचं झाकण सरळ केलं.

"नियम तुमचा होता ना? मग तो गेला कसा? कागद म्हणतो, त्यानं मोडला. माझी आई चार घरी सांगत फिरते, माझ्याच पोराचं चुकलं. मेलेल्या पोरासाठी माफी मागते ती! कुणाकुणाची, तिचं तिला ठाऊक नाही!"

उस्तादनं चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. परत लावला नाही.

"मी म्हणालो त्याला," तो म्हणाला. "जा, बघून ये."

...

"कागदात हे नाही."

"नाही."

"तुम्ही सांगितलं नाही."

"मला कुणी विचारलं नाही."

"बावीस दिवस विचारतोय मी!"

"माझ्यापर्यंत आज पोचलं."

माझा हात पहारीवर घट्ट झाला. गाडीकडे बघायची गरजच उरली नव्हती.

"थेरड्या," मी म्हणालो, "तू का नाही गेलास?"

"गुडघे दुखत होते."

"आज दुखतात?"

"रोज दुखतात."

"तरी जा. आज जा. जा, बघून ये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "कागद आणलायस?"

माझ्या खिशातच होता. त्यानं तो मांडीवर पसरला आणि खाली पेननं लिहिलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. 'व्यंकट धोत्रे यास मी पाठवले. बशीर तांबोळी.' तारीख घातली. कागद टेबलावर ठेवून त्यावर नट ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"हे संस्थेत दे. आधी आईला वाचून दाखव."

मग तो उठला आणि चालायला लागला. काठी शेडमध्येच राहिली.

आता मला त्याच्याकडून काही नको होतं. उत्तर मिळालं होतं. कागद मिळाला होता.

मी त्याच्या मागून दोरीपर्यंत गेलो. तो वाकला आणि दोरीखालून आत शिरला. अण्णा ज्या रेषेत गेला असेल, त्याच रेषेत.

आल्या आल्या, शेडकडे जायच्या आधी, मी दोरीच्या आत पोटावर सरकून पहार लांबवून ठोकून बघितलं होतं. सवयच ती. दोरीपासून चार पावलं भरीव होती. पाचव्यापासून पोकळ. हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

एक पाऊल.

दोन.

गाडीची मान त्याच्याकडे वळली. माणूस हलला की वळते ती, अण्णानंच तसं केलेलं. मला वाटलं ती काही करेल, ओरडेल. तिला ओरडता येत नव्हतं. तिचा दांडा तिच्याच चाकापुढची जमीन ठोकत राहिला. दुसऱ्याच्या पायाखालची जमीन ऐकायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तीन.

तिथं तो थांबला. वळला नाही.

"पुढे जाऊ का?"

मी बोललो नाही.

अण्णाला बाहेर काढायला चार तास लागले होते. मीच उतरलो होतो दोर बांधून, संस्थेतलं कुणी उतरायला तयार नव्हतं. त्याच्या केसांत मुरूम भरला होता. ते आठवलं. पाहुण्यांच्या खुर्च्या आठवल्या. हा हसला, ते तर आत्ताच कळलं होतं. जाऊ दे, असं मनात आलं. खरंच आलं. खोटं कशाला सांगू?

"मल्लू?"

...

चार.

त्यानं पाय उचलला. अधू गुडघा, पाय हळू उठला, हवेत थोडा लटपटला.

"थांब!"

माझ्याच तोंडून आलं. आलं त्याचा मलाच संताप आला. मी दोरीखालून गेलो, पोटावर पडलो आणि पहार लांब केली.

"पाय होता तिथंच टेक. हा. आता धर. उचलू नकोस पाय, घासत मागे ये. अजून. म्हातारा झालास, चालता येईना का सरळ!"

त्यानं पहार धरली. मी ओढली. वजन काहीच नव्हतं त्याच्यात.

दोरीच्या अलीकडे येऊन तो खालीच बसला. छाती भात्यासारखी चालली होती. मीही बसलो, त्याच्याकडे पाठ करून.

"पोकळ होतं?"

"होतं."

"तुला ठाऊक होतं?"

"आल्यापासून."

"कागद तर मिळाला होता तुला."

"मिळाला होता."

"मग माझ्यावरचा राग गेला म्हणायचा."

"नाही गेला. जाणारही नाही."

उस्तादनं गाडीकडे पाहिलं. पलीकडे तिचा दांडा एकदा वर गेला आणि खाली आला.

"मग सांग," तो म्हणाला. "दुसऱ्याला थांब म्हणायचं, हे तिला कसं शिकवायचं?"