उपशाची पाळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनीही ऐकावी. कारण तिच्यात चूक झाली ती एका मोठ्याच माणसाच्या हातून.

समुद्रकाठच्या एका राज्यात एक म्हातारे शास्त्रीबुवा राहत. न्याय, व्याकरण, मीमांसा, सगळे पढलेले. सभेत वाद अडला की राजा त्यांच्याकडे पाही. पण सभा सुटली की शास्त्रीबुवांच्या मनाची चुळबुळ सुरू होई. आपण बोललो ते बरोबर होते ना? समोरच्याला लागले तर नसेल? उठताना कुणाला नमस्कार करायचा राहिला का? ते शहाणे आहेत याबद्दल साऱ्या राज्याला खात्री होती. नव्हती ती फक्त त्यांना स्वतःला.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या बेटावर दिली होती. तिला मुलगा झाला तेव्हा तिने निरोप पाठवला, ‘बाबा, आई असती तर आली असती. आता तुम्हीच या.’ पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधीचे शेवटचे जहाज सुटायच्या बेतात होते. ते चुकले असते तर पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहावी लागली असती, आणि त्यांच्या वयाला पुढच्या हंगामाचा भरवसा कोण देणार? शास्त्रीबुवांनी घाईघाईने पेटी भरली. नातवासाठी एक चांदीची वाटी घेतली, ती लहान वाटली म्हणून मोठी घेतली, मोठी दिखाऊ वाटली म्हणून परत लहान घेतली, आणि ते जहाजावर चढले.

जहाजाचा मुख्य होता तांडेल. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. नांगर उचलण्याआधी त्याने सगळ्या प्रवाशांना डोलकाठीपाशी गोळा केले आणि त्या समुद्रावरची जुनी रीत सांगितली.

“वाटेत कुणी कुणा खलाशाच्या हातावर काही ठेवायचं नाही. बंदर लागलं की बक्षिशीचं मडकं फिरेल. मूठ झाकून आत घाला, मोकळी करून बाहेर काढा. कुणी किती घातलं ते आम्ही बघत नाही. जे जमेल ते सगळ्यांत सारखं वाटतो. झालं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते आपापली जागा धरायला गेले. शास्त्रीबुवा मात्र तिथेच उभे राहिले. त्यांना ती रीत ऐकूनच धास्ती वाटली.

त्यांच्या जागेपाशी पाणी घेऊन येणारा खलाशी होता जोमा. तरतरीत, हसरा. लाटांनी शास्त्रीबुवांना मळमळू लागले तेव्हा त्याने लिंबू चिरून दिले, पाठीमागे गोणी लावून दिली, आणि तो पुढच्या प्रवाशाकडे गेला. शास्त्रीबुवांना बरे वाटले, आणि लगेच काळजी वाटू लागली. शेवटी मी मडक्यात काही घालीनच. पण ते माझे आहे हे या जोमाला कसे कळणार? त्याला वाटेल, म्हातारा फुकट लिंबू चोखून गेला. बरे, आत्ता दिले तर रीत मोडते. नाही दिले तर माणूस दुखावतो. रीत मोठी की माणूस? असा पक्ष आणि प्रतिपक्ष करता करता दुपार झाली. विद्येचा एक तोटा असतो. जे करायची भीती वाटते त्याला, आणि जे न करायची भीती वाटते त्यालाही, ती सारखीच भक्कम कारणे पुरवते.

जोमा पाणी घेऊन आला तेव्हा शास्त्रीबुवांनी इकडे तिकडे पाहिले आणि त्याच्या तळहातावर एक नाणे ठेवले.

जोमा दचकला. तांडेल रागावेल, असे म्हणून त्याने हात मागे घेतला.

“राहू दे रे,” शास्त्रीबुवा कुजबुजले, “हे तुझ्यापुरतं. मडक्यातलं वेगळं.”

जोमाने क्षणभर विचार केला आणि नाणे कनवटीला लावले. तो हसला. ते हसू पाहून शास्त्रीबुवांचा जीव भांड्यात पडला. एका माणसाच्या नजरेत तरी आपण चांगले ठरलो, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी जोमा न बोलावता आला. पाणी भरलेले असताना पाणी भरून गेला. मग दुसरा एक खलाशी आला आणि सावलीसाठी कापड बांधू लागला. तो बांधताना सारखा शास्त्रीबुवांकडे पाही. आता याला नाही दिले तर हा म्हणेल, जोमाला दिले, मी काय पाप केले? शास्त्रीबुवांनी त्यालाही दिले. मग तिसरा आला आणि पंख्याने वारा घालू लागला. समुद्रावरचा वारा एवढा होता की शास्त्रीबुवांना उपरणे धरून बसावे लागत होते. पण नको म्हणणे त्यांना जमेना.

समोर एक तुपाचा व्यापारी बसला होता. शास्त्रीबुवांच्या भोवतीची लगबग पाहून त्याला आपला अपमान झाल्यासारखे वाटले. त्यानेही पिशवी सोडली, आणि मोठे नाणे काढले. ते मोठे नाणे पाहून शास्त्रीबुवांना आपले लहान नाणे लाजिरवाणे वाटू लागले. त्यांनीही मोठे काढले. असे करता करता जहाजाच्या त्या भागात ज्याच्या हाती नाणे चमकत नव्हते असा प्रवासी विरळा उरला.

त्या विरळ्यांपैकी एक होती कासारीण. बेटावर बांगड्या विकायला निघालेली, टोपल्या गवतात बांधून वर हात ठेवून बसलेली.

“काय शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “तुमच्याभोवती तर जत्रा भरली. मी बांगड्या घेऊन तिथंच बसू का? धंदा होईल.”

शास्त्रीबुवा ओशाळले. पोरांना आनंद होतो, एवढेच ते पुटपुटले.

“त्यांना होतो हो. पण तुम्हाला कुठं होतोय? तुम्ही तर घाबरून देताय.”

हे शास्त्रीबुवांना लागले. खरे होते म्हणूनच लागले. त्यांनी ठरवले, उद्यापासून बंद. पण दुसऱ्या दिवशी जोमा समोर येऊन हसला, आणि आज नाही दिले तर कालचेही वाया जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

आता, जे शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हते ते ऐका. लाकडी जहाज कितीही चांगले बांधलेले असले तरी फळ्यांच्या फटींतून थोडे थोडे पाणी तळात झिरपतच असते. म्हणून रोज काही खलाशी तळात उतरून पोहऱ्यांनी ते उपसून बाहेर काढत. काम वाईट. खाली अंधार, कुबट वास, गुडघाभर पाणी. ते काम करताना त्यांना कोणी पाहत नसे. म्हणून त्याची पाळी असे. आज जो वर पाणी देई तो उद्या खाली जाई, आणि शेवटी मडक्यातले सगळ्यांना सारखे मिळे, म्हणून कोणी कुरकुर करत नसे.

पण आता वर नाणी होती आणि खाली नुसते पाणी. पाळी आली की कोणाचे डोके दुखे, कोणाची कंबर धरे. जो तो आपली पाळी पोशावर ढकलू लागला. पोशा हा भोळा, धिप्पाड गडी, कोणाला नाही न म्हणणारा. तो एकटा खाली उपसत राहिला. तांडेल सुकाणूपाशी वाऱ्याशी झुंजत होता. उपसा चालू आहे ना, असे त्याने विचारले की चालू आहे म्हणून उत्तर मिळे. ते खोटेही नव्हते. पोशा होताच खाली.

मग एके दिवशी पोशाही वर आला.

तो शास्त्रीबुवांसमोर येऊन उभा राहिला. मांड्यांपर्यंत ओला, अंगाला कुजक्या पाण्याचा वास. काय करावे हे त्याला कळेना, म्हणून त्याने शास्त्रीबुवांची पेटी या बाजूची उचलून त्या बाजूला ठेवली. मग वाट पाहत उभा राहिला.

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिले. हा एवढा ओला कसा, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. खरेच आला. पण त्यापेक्षा मोठी काळजी ही की इतका वेळ उभा आहे, चिडेल. त्यांनी घाईने त्याच्या हातावर नाणे ठेवले, आणि पोशा लहान मुलासारखा हसला. तो पुन्हा खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसले. हिरवी टेकडी, तिच्यावरचे देऊळ, खाली वाळूची पांढरी रेघ. किनाऱ्यावर माणसे जमली होती. शास्त्रीबुवांनी डोळ्यांवर हात धरला. एक पिवळे लुगडे दिसले. ती लेक असेल का? तिच्या खांद्याशी काहीतरी होते. नातू असेल. की नुसते गाठोडे असेल?

त्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग होती. भरतीच्या वेळी हलके जहाज तिच्यावरून अलगद आत जाई. तांडेलने सुकाणू वळवले. जहाज वळले, पण उशिरा. पोट जड झालेल्या म्हशीसारखे. तांडेलचा चेहरा बदलला. त्याने सुकाणू दुसऱ्याकडे दिले, तळाची फळी उचलली आणि आत पाहिले. पाणी आत रचलेल्या मालाच्या वरच्या गोण्यांना लागले होते.

“खाली कोण आहे?” त्याने विचारले.

सगळे वर होते. कोणाच्या हातात पंखा होता, कोणाच्या हातात तांब्या. पोशाच्या हातात शास्त्रीबुवांचे जोडे होते. तो ते पुसत होता.

तांडेल ओरडला नाही. भरती उतरायच्या आत पाणी काढले तर आत जाऊ, नाहीतर जहाज खडकावर बसेल, एवढेच त्याने सांगितले. मग एकच धावपळ झाली. खलाशी उतरले, प्रवासी उतरले, तुपाचा व्यापारीही उतरला. शास्त्रीबुवा कोणी न सांगता उतरले. आत काळोखात कोणाचे तोंड दिसत नव्हते. मागून पोहरा येई, तो पुढे द्यायचा. कोणाचा हात आहे कळत नव्हते. खरखरीत आहे एवढेच कळे. शास्त्रीबुवांची बोटे सोलली, दम लागला, तरी ते थांबले नाहीत. आयुष्यात प्रथमच, लोक काय म्हणतील हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

पाणी उतरू लागले. पण बाहेर समुद्रही उतरू लागला होता. खडकांची काळी टोके लाटांतून दिसू लागली आणि वारा फिरला. तांडेलने एकदा बेटाकडे पाहिले, एकदा शिडाकडे, आणि जहाज मागे वळवायला सांगितले. पुढची भरती येईपर्यंत त्या वाऱ्यात थांबणे म्हणजे सगळ्यांचा जीव घालवणे.

शास्त्रीबुवा वर आले तेव्हा बेट पाठीमागे गेले होते. पिवळे लुगडे अजून दिसत होते. ते हलत होते. निरोप देत होते की बोलावत होते, ते कळण्याइतके जवळ नव्हते.

ते तांडेलपाशी गेले. हे सगळे माझ्यापासून सुरू झाले, असे त्यांनी सांगितले.

“माहीत आहे,” तांडेल म्हणाला. “माझंही चुकलं. मी फळी उचलून बघायला हवं होतं. पण शास्त्रीबुवा, एक विचारतो. तुम्ही एवढे शिकलेले. मडक्यात मूठ झाकून का घालतात, हे तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही.”

“कळलं होतं,” शास्त्रीबुवा म्हणाले. “पण मग मी दिलंय हे कुणाला दिसलं नसतं.”

तांडेलने सुकाणू पुन्हा हाती घेतले.

जहाजाने मुख्य भूमीवरच्या एका आडबाजूच्या बंदरात आसरा घेतला. समुद्र बंद झाला. खलाशांचा हंगाम बुडाला, कासारणीच्या बांगड्या विकायच्या राहिल्या, तुपाला वास आला. शास्त्रीबुवांची लेक बेटावर, आणि ते इथे, एका धर्मशाळेत. नातू रांगायला लागला असेल, उभा राहायला लागला असेल, असे ते मनात म्हणत आणि दिवस ढकलत.

त्या धर्मशाळेत एक बाई जेवण वाढी. फार प्रेमाने वाढी. पहिल्याच दिवशी शास्त्रीबुवांचा हात सवयीने कमरेच्या पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. ते पानावरून उठले, मागच्या अंगणात गेले. तिथे धुरात एक म्हातारी चुलीपुढे बसली होती आणि एक माणूस राखेने भांड्यांचा ढीग घासत होता. त्या दोघांना कोणी परका आत आलेला पाहायची सवय नव्हती. काही चुकले का, असे म्हातारीने भीत भीत विचारले.

चुकले नाही, जेवण चांगले होते, असे शास्त्रीबुवांनी सांगितले. इतके बोललो ते पुरेसे होते का, कोरडे तर वाटले नाही, अशी शंका त्यांना नेहमीसारखी आलीच. पण या वेळी ती शंका बाजूला ठेवून ते भांडी घासणाऱ्यापाशी बसले आणि त्याचे नाव विचारले.

तात्पर्य: दिसणाऱ्या हातांपुरतीच कृतज्ञता ठेवली, तर आपल्याला तारून नेणारे न दिसणारे हात एक दिवस काम सोडून आपल्यासमोर येऊन उभे राहतात.