गादीचा रिवाज

सोनवडीच्या राजवाड्यातला दरबार लग्नाकार्याला भाड्याने मिळायचा. तिथली जुनी गादी मात्र कुणालाच मिळत नसे. लेकीच्या लग्नासाठी दरबार बघायला आलेले आमदार ढमाले हटूनच बसले.

"पाहुण्यांचं स्वागत मी गादीवरूनच करणार! नाही म्हणालात, तर तुमचं हे भाड्याचं दुकानच बंद करतो."

मालकीण सुमित्राराजे गोड हसल्या.

"खुशाल बसा, आमदारसाहेब. फक्त आमच्या घराण्याचा रिवाज तेवढा पाळा. गादीवर बसलेला कुणासाठीही उठत नाही."

"त्यात काय अवघड?" ढमाल्यांनी मिशीला पीळ दिला.

"मग लग्नाला मुख्यमंत्री येतील, त्यांना बसूनच नमस्कार कराल ना?"

मिशीवरचा हात तिथेच थांबला.

लग्नात गादी रिकामीच होती. ढमाले मात्र हार घेऊन तासभर दारात उभे होते.