हिरव्या पागोट्याची दवंडी

चूक रणधवल राजाची होती, दुसऱ्या कोणाचीही नाही. त्याने तळ्यापासून शहरभर खापरी नळ टाकले आणि दवंडी पिटली, की पाणीखात्याचं हिरवं पागोटं दारात आलं की उलट प्रश्न विचारायचा नाही. मग काय, शहरातल्या झाडून सगळ्या भामट्यांनी हिरवी पागोटी बांधली. दारात उभं राहून दरडावायचं, की संध्याकाळच्या आत नळ तोडतो. माणूस घाबरला, की घरातला तांब्याचा हंडा उचलून चालतं व्हायचं.

लोक रडत राजाकडे गेले, तर त्याने फसलेल्यांचंच पाणी तोडलं. मूर्खांना पाणी कशाला, म्हणाला. दरबारातल्या पिकल्या मिशांनी माना डोलावल्या. तेवढं एकच काम येत होतं त्यांना.

त्यात सरू रंगारणीचं पाणी गेलं. पाणी नाही म्हणजे रंगाचे रांजण कोरडे, आणि रांजण कोरडे म्हणजे चूल बंद. तिची मुलगी गोजरा तडक दरबारात गेली आणि म्हणाली, शहाणी माणसंही फसतात, महाराजही फसतील.

राजा भडकला. "मग उद्या दिवस मावळायच्या आत फसव मला. माझी वस्तू मी माझ्या हाताने दिली पाहिजे. जमलं तर तुझ्या आईचं पाणी सोडतो. नाही जमलं तर दोघी शहराबाहेर."

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, हिरवं पागोटं दिसलं की धरा. दुपारपर्यंत पाणीखात्याचे सगळे खरे नोकर कोठडीत जाऊन बसले, त्यांचा म्हातारा कारभारीसुद्धा. राजा खूश. त्या खुशीत डोक्याला शिकेकाई चोळून न्हाणीत बसला.

तेवढ्यात लाल पट्ट्याचा एक शिपाई धापा टाकत आला. भामटा महाराजांच्या शिक्क्याची खोटी अंगठी घेऊन तळ्यावर पोचलाय, महालाचा नळ आत्ता बंद होतोय, खरी अंगठी दाखवली तरच थांबेल, असं त्याने सांगितलं. राजाच्या डोळ्यांत शिकेकाई. त्याने अंगठी काढून दिली, वर लवकर पळ म्हणूनही बजावलं.

शिपाई कसला, तो गोजराचा मामा. तमाशात सोंगाड्या होता.

संध्याकाळी गोजराने भर दरबारात मूठ उघडली. राजाचा चेहरा पडला.

"पण तू हिरवं पागोटं पाठवणार होतीस ना?"

"असं मी कधी म्हटलं, महाराज? ते तुम्हीच ठरवलंत."

"अगं, नळ बंद होत होता माझा!"

"न्हाणीच्या खिडकीतून तळं दिसतं. नळ बंद करणारे सगळे तुम्हीच कोठडीत घातलेत, तरी तिथं कोणी आहे का, एवढं बघायला उठला नाहीत. माझी आई पागोट्याला फसली. तुम्ही तर भामटा आलाय या नुसत्या बातमीला फसलात."

मग राजाच खो खो हसत सुटला, आणि त्याचं बघून पिकल्या मिशाही हसल्या.

सगळ्यांचं पाणी सुटलं, पाणीखात्याचे नोकरही कोठडीतून सुटले. नवी दवंडी पिटली गेली, की पागोटं कुठल्याही रंगाचं असो, दारात काही द्यायचं नाही, आधी पाणीखात्यात जाऊन विचारायचं. अंगठी गोजराला बक्षीस मिळाली. लोकांचे गेलेले हंडे महालातल्या तांब्याच्या भांड्यांनी भरून द्यावे लागले.

पहिल्या दवंडीपायी राजाची अंगठी गेली, आणि महालातली सगळी तांब्याची भांडी गेली.