टिंगीच्या बिळाचा कागद

एक होती चिचुंद्री. तिचं नाव टिंगी. टिंगी एवढीशी. तिचं बीळही एवढंसं. बिळात तीन पिल्लं.

एक दिवस घूस आली. धप्प धप्प! हातात कागद.

"टिंगे, इथे पंजा उठव."

"काय लिहिलंय, घूसबाई?"

"तुला काय करायचंय? सगळेच उठवतात."

टिंगीला वाचता येत नव्हतं. तिने चिखलात पंजा बुडवला. ठप्प! उठवला.

"झालं," घूस म्हणाली. "बीळ माझं. कागदच तसं म्हणतो. नीघ!"

कागद तिने बगळ्याकडे ठेवायला दिला. बिळात पाय पसरले. पिल्लं उघड्यावर. कुडकुड कुडकुड.

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तळ्याकाठी बगळा. एका पायावर उभा.

"बगळेबुवा, बगळेबुवा! घूस बीळ सोडेना. तुम्ही तरी कागद काढा, वाचून दाखवा."

"चष्म्याशिवाय मी कागद काढत नाही," बगळा म्हणाला. "चष्मा माकडाने नेलाय. आण जा."

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. फांदीवर माकड.

"माकडदादा, माकडदादा! घूस बीळ सोडेना, बगळा कागद काढेना. तू तरी चष्मा दे."

"पंजा उठवताना अक्कल कुठे गेली होती गं?"

"तू नाही उठवलास कधी?"

माकडाने डोकं खाजवलं. खर्र खर्र. "चष्मा पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली म्हशीच्या पोटाखाली. तिला उठव, मग बघू."

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गोठ्यात म्हैस.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी! घूस बीळ सोडेना, बगळा कागद काढेना, माकड चष्मा देईना. तू तरी किल्ली दे."

"हंम्मा! कशी उठू? पोट दुखतंय. औषध आहे. किती थेंब घ्यायचे, ते बाटलीवर लिहिलंय. रेड्याने अंदाजाने घेतलं. तो अजून झोपलाय बघ. बाटली ने, कासवाला विचार, मग उठते."

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाटली ओढत. खडखड खडखड. वाळूत कासव.

"कासवआजी, कासवआजी! घूस बीळ सोडेना, बगळा कागद काढेना, माकड चष्मा देईना, म्हैस किल्ली देईना. तू तरी थेंब सांग."

"नाही सांगणार."

"आजी, तूही? पिल्लं कुडकुडतायत माझी!"

"आज मी सांगीन. उद्या दुसरी घूस येईल. मग कुणाकडे पळशील? बस वाळूत. शीक. बाटली तूच वाच."

टिंगी बसली. रागानेच बसली. वाळूत रेघा ओढल्या. सर्र सर्र. एक, दोन, तीन. अ, आ, इ. चुकली. पुसली. पुन्हा ओढली. संध्याकाळी पिल्लांना पोटाशी घेतलं. सकाळी पुन्हा वाळूत. सर्र सर्र.

खूप दिवस गेले. मग एका सकाळी टिंगीने बाटली वाचली. "पा-च थें-ब."

गोठ्यात जाऊन टिंगीने थेंब मोजले. टप. टप. टप. टप. टप. बस्स!

म्हशीची पोटदुखी थांबली. म्हशीने किल्ली दिली. माकडाने पेटी उघडली. चष्मा निघाला. बगळ्याने चष्मा लावला. कागद काढला. खाकरला. खॉक खॉक.

"हं… लिहिलंय, बीळ घुशीचं."

"बुवा, कागद उलटा धरलाय तुम्ही."

बगळ्याने मान पंखात खुपसली.

टिंगीने कागद सुलटा केला. बोट ठेवून वाचला. "धु-ण्या-चा सा-बण. ए-क व-डी."

बिळाचं नाव नाही. घुशीचं नाव नाही. साबणाच्या वडीवरचा कागद!

"तुम्हाला वाचता येत नाही, बुवा? मग मला रानभर का फिरवलंत?"

"सगळे मला बुवा म्हणतात गं. येत नाही, असं कसं सांगू?"

टिंगीने कागद उचलला. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मागे माकड, मागे म्हैस. बिळापाशी थांबली.

"घूसबाई, बाहेर ये. तुझा कागद साबणाचा आहे."

"असं लिहिलंय होय? मला काय ठाऊक! मला कुठे वाचता येतं? रस्त्यात सापडला."

"तरी बीळ घेतलंस?"

"तू विचारलंस. मी दटावलं. तू पंजा उठवलास."

"आता विचारत नाही. वाचलंय मी. नीघ!"

घूस निघाली. धप्प धप्प. पिल्लं आत शिरली. सुळकन, सुळकन, सुळकन. आत ऊबदार माती.

गोष्ट निजली. पिल्लं निजली. टिंगीचा राग काही निजला नाही.